ज्यांना परत जायचे नव्हते : महायुद्धानंतरच्या दहा लाख निर्वासितांचे काय झाले?

युरोपातील दुसरे महायुद्ध ८ मे १९४५ रोजी संपले तेव्हा पराभूत जर्मनी परक्या माणसांनी खचाखच भरलेला होता. कारखान्यांत, खाणींत आणि शेतांवर राबवण्यासाठी व्यापलेल्या देशांतून पकडून आणलेले वेठबिगार मजूर, युद्धकैदी, छळछावण्यांतून कसेबसे जिवंत राहिलेले ज्यू आणि इतर बंदी, शिवाय पुढे सरकणाऱ्या सोव्हिएत फौजांच्या धास्तीने घरदार सोडून पश्चिमेकडे पळालेली बाल्टिक व युक्रेनियन कुटुंबे असा हा विलक्षण समुदाय होता. निरनिराळे अंदाज निरनिराळा आकडा देतात, पण तो एक कोटीच्या आसपास होता याविषयी फारसे दुमत नाही. रेल्वे उद्ध्वस्त झाली होती, पूल पडले होते, धान्याची कोठारे लुटली गेली होती आणि टायफसची साथ कोणत्याही क्षणी भडकण्याची भीती होती.

या माणसांसाठी दोस्त राष्ट्रांच्या लष्कराने एक शब्द मुक्रर केला होता : ‘डिस्प्लेस्ड पर्सन’, अर्थात विस्थापित व्यक्ती. सैनिकांच्या बोलण्यात त्याचे ‘डीपी’ झाले आणि पुढे कागदोपत्रीही हेच संक्षिप्त रूप रूढ झाले. या शब्दात एक गृहीतक दडलेले होते. जो आपल्या जागेवरून हलला आहे त्याला परत त्याच्या जागी नेऊन ठेवले की प्रश्न मिटला, असे नियोजनकर्त्यांना वाटत होते. सुरुवातीच्या महिन्यांत तसे घडलेही. मालमोटारी, मालगाड्या आणि काही ठिकाणी बॉम्बफेकी विमानेसुद्धा वापरून शरद ऋतूपर्यंत साठ लाखांहून अधिक लोक मायदेशी पोचवले गेले. फ्रेंच, बेल्जियन आणि डच मजूर तर वाहनाची वाटही न पाहता पायी निघाले होते.

पण वर्षअखेरीस लक्षात आले की, सुमारे दहा लाख माणसे छावण्यांतून हलायला तयारच नाहीत. त्यांना घर नव्हते असे नाही. त्यांपैकी बहुतेकांना त्या घरी जायचेच नव्हते. या दहा लाखांचे काय करायचे, हा पुढील सहा वर्षे आंतरराष्ट्रीय राजकारणातील एक अत्यंत कटकटीचा प्रश्न ठरला. आज ‘निर्वासित’ या शब्दाला जो कायदेशीर अर्थ आहे, तो बहुतांशी याच कटकटीतून निघाला.

‘उन्रा’चा संसार

मदतीची तयारी युद्ध चालू असतानाच झाली होती. ९ नोव्हेंबर १९४३ रोजी वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाऊसमध्ये ४४ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एका करारावर सह्या केल्या आणि ‘युनायटेड नेशन्स रिलीफ अँड रिहॅबिलिटेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ म्हणजेच ‘उन्रा’ ही संस्था अस्तित्वात आली. संयुक्त राष्ट्रसंघ तेव्हा अजून जन्मायचा होता. ‘युनायटेड नेशन्स’ हा शब्द अक्षराष्ट्रांविरुद्ध लढणाऱ्या देशांसाठी वापरला जात असे. न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर हर्बर्ट लेहमन हे तिचे पहिले महासंचालक. त्यांच्यानंतर १९४६मध्ये न्यूयॉर्कचे गाजलेले माजी महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी सूत्रे घेतली.

वर्गणीचे सूत्र सुटसुटीत होते. ज्या देशाची भूमी शत्रूच्या टाचेखाली गेलेली नाही, त्याने आपल्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे एक टक्का द्यावा. संस्थेने एकूण सुमारे पावणेचार अब्ज डॉलर खर्च केले आणि त्यांतील अडीच अब्जांहून अधिक रक्कम एकट्या अमेरिकेची होती. सह्या करणाऱ्या ४४ देशांत ब्रिटिश अमलाखालचा भारतही होता. करार झाला त्याच सुमारास बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. परंतु शत्रूच्या तावडीतून मुक्त झालेले प्रदेश हे ‘उन्रा’चे कार्यक्षेत्र असल्याने बंगालच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. वर्गणीदारांच्या यादीत मात्र भारताचे नाव होते.

‘उन्रा’ म्हटले की डोळ्यांसमोर निर्वासितांच्या छावण्या येतात. वास्तविक तिच्या खर्चाचा मोठा भाग त्यांवर झालाच नाही. चीन, पोलंड, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस, युक्रेन या देशांना धान्य, बियाणे, ट्रॅक्टर, औषधे, जनावरे आणि रेल्वे इंजिने पाठवण्यात तो झाला. मालवाहू जहाजांतून घोडे आणि गायी अटलांटिक महासागर ओलांडून पोलंडच्या ओसाड शेतांवर पोचवण्यात आल्या. जर्मनीतील छावण्यांत अन्न, इंधन आणि निवारा पुरवण्याची जबाबदारी लष्कराची होती. छावणी चालवणारी माणसे मात्र ‘उन्रा’ची. एका पथकात एक डॉक्टर, एक-दोन परिचारिका, शिधा सांभाळणारा, वाहनचालक आणि समाजसेवक असा दहा-बारा जणांचा ताफा असे आणि त्याच्याकडे दोन-तीन हजार माणसांचा कारभार सोपवलेला असे.

छावण्या होत्या तरी कुठे? जर्मन सैन्याच्या रिकाम्या बराकींत, शाळांत, कारखान्यांच्या वसाहतींत आणि काही ठिकाणी तर जुन्या छळछावण्यांतच. एका मोठ्या खोलीत चार-पाच कुटुंबे, मध्ये घोंगड्या टांगून केलेल्या भिंती. तरीही थोड्याच दिवसांत तिथे शाळा भरू लागल्या, वृत्तपत्रे निघू लागली, नाटके आणि लग्ने होऊ लागली. बाल्टिक देशांच्या प्राध्यापकांनी १९४६मध्ये हॅम्बर्गमध्ये चक्क विद्यापीठ सुरू केले. ज्यू छावण्यांतला जन्मदर त्या काळी जगातील सर्वाधिक जन्मदरांपैकी एक होता. ज्यांची अवघी कुटुंबे गॅस चेंबरमध्ये नाहीशी झाली होती, ती माणसे नव्याने संसार मांडत होती. सिगारेटी हे तिथले चलन होते. काळा बाजार सर्वत्र चाले, आणि त्याबद्दल जर्मन पोलीस व लष्करी अधिकारी निर्वासितांच्या नावाने बोटे मोडत. आजूबाजूची जर्मन वस्तीही त्याच बाजारावर जगत होती, याची चर्चा कमी होई.

बळजबरीची पाठवणी

‘घरी परत पाठवणे’ या धोरणाची काळी बाजू लवकरच उघडी पडली. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टा येथे ब्रिटन व अमेरिकेने सोव्हिएत संघाशी स्वतंत्र करार केले होते. परस्परांच्या ताब्यात सापडलेले नागरिक परस्परांकडे सोपवायचे, असे त्यात ठरले. संबंधित व्यक्तीची इच्छा काय, हा प्रश्न त्यात नव्हताच. सोव्हिएत भूमीवर ब्रिटिश आणि अमेरिकी युद्धकैदीही होते, त्यांची सुखरूप सुटका पश्चिमी नेत्यांना हवी होती. त्यामुळे कराराचे पालन काटेकोरपणे झाले. सुमारे वीस लाख सोव्हिएत नागरिक पश्चिमी सैन्याच्या ताब्यातून पूर्वेकडे पाठवले गेले. जर्मनांना शरण गेलेला सैनिक हा स्टालिनच्या लेखी देशद्रोही होता. परतलेल्या अनेकांची रवानगी चौकशी छावण्यांत आणि तिथून सक्तमजुरीला झाली.

ऑस्ट्रियातील लिएन्झ येथे जूनच्या पहिल्या दिवशी ब्रिटिश सैनिकांनी कोसॅक लोकांना लाठ्या आणि बंदुकीच्या दस्त्यांनी मारत गाड्यांत कोंबले. हे कोसॅक जर्मनांच्या बाजूने लढले होते हे खरे. पण त्यांच्यात स्त्रिया आणि मुलेही होती, आणि रशियन राज्यक्रांतीनंतर देश सोडलेले, कधीही सोव्हिएत नागरिक न झालेले लोकही होते. काहींनी द्रावा नदीत उड्या घेऊन जीव दिला. अशा प्रसंगांनंतर लष्करातील अधिकारीच कुरकुर करू लागले आणि पाठवणीची धार हळूहळू बोथट झाली.

कोण सोव्हिएत नागरिक आणि कोण नाही, हे ठरवणेही सोपे नव्हते. १९३९मध्ये सोव्हिएत संघाने पूर्व पोलंड गिळंकृत केला आणि १९४०मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया हे देश. तिथली माणसे मॉस्कोच्या दृष्टीने सोव्हिएत नागरिक. अमेरिका आणि ब्रिटन हे मानायला तयार नव्हते. परिणामी ल्विव्हकडचा युक्रेनियन वाचला आणि कीव्हचा युक्रेनियन परत गेला. छावण्यांत जन्मगावे बदलण्याचा मोठाच उद्योग सुरू झाला. पूर्व युक्रेनचा शेतकरी पोलिश कागद मिळवून स्वतःला पोलिश म्हणवून घेऊ लागला.

लंडनमध्ये १९४६च्या आरंभी भरलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या पहिल्याच आमसभेत या प्रश्नावरून खडाजंगी झाली. सोव्हिएत प्रतिनिधी आंद्रेई विशिन्स्की यांचे म्हणणे असे की, परतायला नकार देणारा प्रत्येक जण एक तर देशद्रोही आहे किंवा देशद्रोह्यांनी फसवलेला. अमेरिकेच्या वतीने एलेनॉर रूझवेल्ट यांनी त्यांना उत्तर दिले. अखेर १२ फेब्रुवारी १९४६ रोजी ठराव संमत झाला : परतण्याविषयी ज्याचा आक्षेप सबळ आहे, त्याच्यावर परतण्याची सक्ती करता येणार नाही. युद्धगुन्हेगारांना यातून वगळले होते. राज्यापेक्षा माणसाच्या इच्छेला आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात इतके वजन देणारा हा ठराव होता. आज ज्याला ‘सक्तीने परत न पाठवण्याचे तत्त्व’ म्हणतात, त्याची मुळे शोधायची तर या वादापर्यंत यावे लागते.

आग्रह मात्र थांबला नाही. ऑक्टोबर १९४६मध्ये ‘उन्रा’ने पोलिश निर्वासितांसाठी एक योजना आणली. जो घरी परतेल त्याला साठ दिवसांचा शिधा मोफत! पिठाच्या, साखरेच्या, डबाबंद मासळीच्या राशी छावण्यांत प्रदर्शनासारख्या मांडून ठेवण्यात आल्या. कर्मचाऱ्यांनीच या योजनेला ‘ऑपरेशन कॅरट’ असे नाव दिले. गाढवापुढे गाजर धरतात, त्यावरून. हजारो लोक गेलेही. उरलेल्यांना त्या राशींनी हलवले नाही.

माणसांचा बाजार

१५ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ‘आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना’ स्थापण्यास मान्यता दिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘आयआरओ’ म्हणून ओळखली गेली. तिच्या पूर्वतयारी आयोगाने १ जुलै १९४७ रोजी छावण्यांचा ताबा घेतला आणि ‘उन्रा’चे युरोपातील काम संपुष्टात आले. सोव्हिएत संघ व त्याचे मित्रदेश या संघटनेत आले नाहीत; सदस्य झाले केवळ १८ देश. शीतयुद्धाची कुंपणे एव्हाना उभी राहिली होती. घरी पाठवण्याऐवजी तिसऱ्या देशात वसवायचे, हे आता मुख्य धोरण झाले. आयआरओच्या आकड्यांतच हा बदल दिसतो : तिने मायदेशी पाठवलेले लोक सुमारे ७३ हजार, तर नव्या देशांत वसवलेले दहा लाखांहून अधिक.

नव्या देशांनी दारे उघडली ती करुणेपोटी, असे म्हणण्याचा मोह होतो. करुणा होतीही, पण दाराशी उभा असलेला अधिकारी मजूर खात्याचा होता. युद्धानंतर सगळीकडे कामगारांची टंचाई होती. बेल्जियमला कोळशाच्या खाणींसाठी माणसे हवी होती. ब्रिटनने १९४६च्या अखेरीस क्षयरोग रुग्णालयांत काम करण्यासाठी बाल्टिक तरुणींची निवड सुरू केली, त्या योजनेचे नाव ‘बाल्ट सिग्नेट’. मागोमाग कापड गिरण्या, शेती व खाणींसाठी ‘वेस्टवर्ड हो’ ही योजना आली. या लोकांना ब्रिटिश कागदपत्रांत निर्वासित म्हटले गेले नाही, ‘युरोपियन व्हॉलंटरी वर्कर’ म्हटले गेले. कॅनडाला लाकूडतोडे, शिंपी आणि मोलकरणी पाहिजे होत्या.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण विशेष बोलके आहे. तिथले स्थलांतरमंत्री आर्थर कॉलवेल यांनी जुलै १९४७मध्ये आयआरओशी करार केला. जपानी आक्रमणाच्या भीतीने हादरलेल्या त्या विरळ वस्तीच्या देशाला लोकसंख्या वाढवायची होती. मात्र ती गोरीच हवी होती. ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरण तेव्हा ऐन भरात होते. पहिले जहाज त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रीमँटल बंदरात लागले. त्यावर बाल्टिक देशांचे ८४३ तरुण होते, बहुतेक अविवाहित आणि धट्टेकट्टे, पाहताक्षणी वृत्तपत्रवाल्यांना आवडावेत असे. प्रत्येकाला सरकार सांगेल ते काम दोन वर्षे करण्याच्या करारावर सही करावी लागे. पुरुषांच्या नावापुढे ‘मजूर’ आणि स्त्रियांच्या नावापुढे ‘घरकाम’ अशी नोंद होई, मग तो पुरुष वकील असो वा शल्यविशारद. त्यांनी ऊस तोडला, रेल्वेचे रूळ टाकले, ‘स्नोई माउंटन्स’ जलविद्युत प्रकल्पात बोगदे खणले. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे या मार्गाने ऑस्ट्रेलियात गेली.

छावण्यांत येणाऱ्या या निवडमंडळांना निर्वासित काहीशा कडवटपणे गुरांच्या बाजारातले दलाल म्हणत. स्नायू दाबून पाहिले जात, तळहातावरचे घट्टे तपासले जात. त्यामुळे प्राध्यापक आपले हात मुद्दाम राबवून खरखरीत करत आणि पदव्या लपवत. छातीच्या क्ष-किरण चित्राला तर परवान्याइतकेच महत्त्व आले. कुटुंबातल्या एकाच्या फुप्फुसावर डाग दिसला की सगळ्या कुटुंबाचा अर्ज अडकला. आई क्षयाने आजारी, मुलाला कॅनडाचा परवाना मिळालेला. तो जाणार की थांबणार? असे निर्णय त्या वर्षांत हजारो घरांत घ्यावे लागले.

अमेरिकेला निर्णय घ्यायला तीन वर्षे लागली. २५ जून १९४८ रोजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी विस्थापितांविषयीच्या कायद्यावर सही केली, पण अत्यंत नाखुशीने, आणि तसे जाहीर सांगून. दोन लाखांवर व्हिसा देणाऱ्या या कायद्यात दोन मेखा होत्या. ३० टक्के जागा शेतीत काम करणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या आणि अर्जदार २२ डिसेंबर १९४५पूर्वी जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा इटलीत आलेला असावा लागे. ही तारीख पाहून सामान्य वाचकाला काही खटकणार नाही. मात्र बहुसंख्य ज्यू निर्वासित पोलंडमधून १९४६मध्ये आले होते. त्या देशातील किल्त्से शहरात ४ जुलै १९४६ रोजी जमावाने छळछावण्यांतून बचावलेल्या ज्यूंपैकी ४२ जणांची हत्या केली, आणि त्यानंतर लोंढाच सुरू झाला. तारखेच्या एका ओळीने ते सारे कायद्याबाहेर राहिले. १९५०मध्ये दुरुस्ती होऊन ही मेख निघाली, तोवर पुष्कळांनी दुसरी वाट धरली होती.

ती वाट पॅलेस्टाइनची. ट्रुमन यांचे दूत अर्ल हॅरिसन यांनी १९४५च्या उन्हाळ्यात छावण्यांची पाहणी करून दिलेला अहवाल जळजळीत होता. ज्यूंना अजूनही काटेरी तारांआड, पहाऱ्यात, कधी कधी छळछावणीतल्याच पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत ठेवले जात असल्याचे त्यांनी नमूद केले. त्यांच्यासाठी वेगळ्या छावण्या काढाव्यात आणि एक लाख जणांना पॅलेस्टाइनमध्ये जाऊ द्यावे, अशी शिफारस त्यांनी केली. पहिली सूचना अमलात आली. दुसरी ब्रिटनने फेटाळली. मग चोरवाटांनी जहाजे निघू लागली. पकडलेल्या पन्नास हजारांहून अधिक जणांना ब्रिटिशांनी सायप्रसच्या छावण्यांत डांबले. ‘एक्झोडस १९४७’ या जहाजावरील सुमारे साडेचार हजार प्रवाशांना तर परत हॅम्बर्गला, म्हणजे जर्मन भूमीवर आणून उतरवण्यात आले आणि जगभर संतापाची लाट उसळली. मे १९४८मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर आयआरओच्या मदतीने सुमारे १ लाख ३२ हजार जण तिथे गेले. त्याच युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. त्यांच्यासाठी डिसेंबर १९४९मध्ये वेगळी संस्था काढावी लागली, आणि ती ‘उन्रवा’ तात्पुरती म्हणून निघाली असली तरी अद्याप बंद झालेली नाही. एका निर्वासित प्रश्नाच्या सोडवणुकीतून दुसरा उभा राहिला, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

गाळणीतून सुटलेले

निवडीच्या या धबडग्यात अपात्रांना बाजूला काढण्याचे काम कितपत झाले? अर्जदाराची मुलाखत होई, कागद तपासले जात, बगलेत एसएस दलाचे रक्तगटाचे गोंदण आहे का ते पाहिले जाई. पण मूळ कागदपत्रे पूर्वेकडे सोव्हिएत ताब्यात होती आणि शीतयुद्धात ती मागायची कोणी व द्यायची कोणी! नाझींना साथ दिलेली माणसे निर्वासितांच्या रांगेत उभी राहून समुद्रापार निघून गेली. १९५२मध्ये अमेरिकेत पोचलेला जॉन डेम्यान्यूक त्यांपैकीच. सोबिबोर मृत्युछावणीतील पहारेकरी म्हणून म्युनिकच्या न्यायालयाने त्याला २०११मध्ये दोषी ठरवले. अपील प्रलंबित असतानाच पुढच्या वर्षी तो मरण पावला. एकीकडे क्षयाच्या डागावरून निरपराध कुटुंब अडकले आणि दुसरीकडे असा माणूस धडधाकट म्हणून निसटला, ही त्या पद्धतीची मर्यादा होती.

लहान मुलांचा प्रश्न याहून नाजूक. पोलंड व इतर देशांतून हजारो मुले ‘आर्य’ दिसतात म्हणून उचलून आणून जर्मन घरांत वाढवली गेली होती. ‘उन्रा’च्या शोधपथकांनी त्यांचा माग काढला तेव्हा त्यांतील अनेकांना मातृभाषा आठवत नव्हती आणि ज्या बाईला ती आई म्हणत होती, तिच्यापासून त्यांना तोडणे भाग होते. सख्खे आईबाप मेलेले असतील तर मूल कोणाचे? पोलंड म्हणे राष्ट्राचे. समाजसेविका म्हणत, आधी मुलाचे हित पाहा. यावर सर्वमान्य उत्तर निघाले नाही.

आयआरओने जानेवारी १९५२च्या अखेरीस काम थांबवले तेव्हाही छावण्या रिकाम्या नव्हत्या. म्हातारे, आंधळे, अपंग, क्षयरोगी आणि त्यांना न सोडणारे आप्त मागे राहिले होते. त्यांना अधिकृत भाषेत ‘हार्ड कोअर’ म्हणत. नॉर्वेने काही अंधांना आणि स्वीडनने क्षयरोग्यांना कुटुंबासह घेतले, हे अपवाद. ज्यूंची शेवटची छावणी, म्युनिकजवळची फ्योरेनवाल्ड, १९५७मध्ये बंद झाली. उरलेल्यांसाठी १९५९-६०मध्ये ‘जागतिक निर्वासित वर्ष’ पाळून पैसा उभारावा लागला. युद्ध संपल्यावर जन्मलेली मुले तोवर तिथे मोठी झाली होती.

आणखी एक मोठा समूह या साऱ्या मदतीच्या कक्षेबाहेरच होता. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी येथून हाकलून दिलेले सुमारे सव्वा कोटी जर्मन! शत्रुराष्ट्राचे म्हणून आयआरओच्या घटनेने त्यांना वगळले. त्यांचा भार जर्मनीनेच उचलावा, असे ठरले. पश्चिम जर्मनीने १९५२मध्ये ‘भारसमतोल’ कायदा करून ज्यांची मालमत्ता युद्धात वाचली त्यांच्यावर त्या मालमत्तेच्या निम्म्या किमतीइतका कर बसवला. तो तीस वर्षांच्या हप्त्यांत फेडायचा होता. आंतरराष्ट्रीय मदतीविना झालेले हे पुनर्वसन युरोपातील सर्वांत मोठे होते, तरी आपल्याकडे त्याची माहिती फारशी नसते.

तारखेची रेघ

आयआरओ गुंडाळताना पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून १४ डिसेंबर १९५० रोजी आमसभेने निर्वासितविषयक उच्चायुक्ताचे कार्यालय निर्माण केले. मुदत अवघी तीन वर्षे, पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक तीन लाख डॉलर. आयआरओच्या कोट्यवधींच्या तुलनेत ही रक्कम म्हणजे चणेफुटाणेच. पाठोपाठ २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे निर्वासितांच्या दर्जाविषयीचा करार झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असल्याने जो देशाबाहेर आहे तो निर्वासित, ही व्याख्या तिथे ठरली. ती आजही चालते. मात्र मूळ करारात १ जानेवारी १९५१ ही रेघ होती; त्याआधीच्या घटनांमुळे निर्वासित झालेल्यांनाच संरक्षण. शिवाय ‘युरोपातील घटना’ एवढ्यापुरता अर्थ मर्यादित ठेवण्याची मुभा सदस्य देशांना होती. ही काळाची मर्यादा १९६७च्या पूरक करारनाम्याने काढली.

भारताने या दोन्हींवर सही केलेली नाही, ती आजतागायत. त्यामागची कारणे पुढच्या काळात अनेक सांगितली गेली, परंतु आरंभीची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. १९४७च्या फाळणीत दीड कोटीच्या आसपास माणसांनी सीमा ओलांडल्या. जिनिव्हात घडत असलेल्या व्याख्येत ती बसत नव्हती, कारण सीमा ओलांडताच त्यांना दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळत होते. आयआरओचा पैसाही त्यांच्यासाठी नव्हता. दिल्ली, मुंबई आणि कराचीच्या सरकारांना ते ओझे स्वतःच पेलावे लागले. कल्याणच्या लष्करी तळावरील बराकींत सिंधी निर्वासितांना ठेवून उभे राहिलेले उल्हासनगर हे त्याचेच फळ.

कोल्हापूरजवळ मात्र या दोन्ही कहाण्या एकाच जागी भेटल्या. १९४०-४१मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर जुलै १९४१मध्ये करार होऊन त्यांतील काहींची सुटका झाली, आणि १९४२मध्ये जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर एक लाखावर माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. सैनिक आघाडीवर गेले. बायका, मुले, म्हातारे कुठे ठेवायचे? नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या काठी वळिवडे येथे १९४३मध्ये मोठी छावणी उघडली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. ओळीने उभ्या बराकी, चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह असे ते छोटेखानी पोलिश गावच होते. खर्च सुरुवातीला लंडनमधील पोलिश सरकार करी. ब्रिटनने जुलै १९४५मध्ये त्या सरकारची मान्यता काढून घेतल्यावर या माणसांचाही प्रश्न जर्मनीतील छावण्यांसारखाच झाला. त्यांची घरे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती, आणि ज्या राजवटीने त्यांना मालगाड्यांत कोंबून नेले तिच्याकडे परतण्यास त्यांतील बहुसंख्य तयार नव्हते. ‘उन्रा’ आणि नंतर आयआरओ यांच्या देखरेखीखाली १९४७-४८मध्ये त्यांची पांगापांग झाली. सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला, काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, काही ऑस्ट्रेलिया व अमेरिकेला, थोडे पोलंडला.

बराकी रिकाम्या झाल्या त्या फार काळ तशा राहिल्या नाहीत. सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना तिथे जागा देण्यात आली आणि वस्तीचे नाव गांधीनगर पडले. लग्नसराईच्या खरेदीसाठी पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातून माणसे ज्या घाऊक कापडबाजारात जातात, तो हाच. पोलिश लोकांच्या स्मरणार्थ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्तंभ आहे, तर वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे पुष्पचक्र वाहिले.